खिशातले ५८० व्होल्ट

हेडफोनच्या हौशी मंडळींमध्ये एक समजूत पक्की रुजलेली आहे. तिच्यानुसार श्रवणाची एक उतरंड असते. तळाला फोनच्या खोक्यात मिळणारे इअरफोन, त्यावर डायनॅमिक, त्यावर प्लेनर आणि शिखरावर इलेक्ट्रोस्टॅटिक. पैसे साठतील तसे माणसाने वर चढत जायचे. शिखर गाठले की फक्त केबल उरते, ती तांब्याची काढून चांदीची लावायची. हे सगळे प्रवासात हवे असेल तर बॅटरीवर चालणारा एक छोटा अँप्लिफायर पिशवीत टाकायचा, की झाले.

ही समजूत उथळ आहे. ती केवळ खर्चिक असती तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते, हौसेला मोल नसते. पण ती निवडीचा क्रमच उलटा करते. माझे म्हणणे असे: इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन ही सुटी विकत घेण्याची वस्तूच नाही. उच्च व्होल्टेज तयार करणे, ते वाहून नेणे आणि त्यावर एक अतिपातळ पडदा हलवणे, अशा साखळीचे ते शेवटचे टोक आहे. सोबत न्यायचा संच निवडताना आधी ऐकण्याची जागा ठरवावी, मग ड्रायव्हर, म्हणजे या हेडफोनचा खास अँप्लिफायर, मग केबलची ठेवण, आणि हेडफोन सर्वांत शेवटी. पहिल्याच पायरीवर उत्तर नकारार्थी आले, तर पुढच्या तिन्ही पायऱ्यांवरचा खर्च वाया जातो.

१. पडदा आणि दोन जाळ्या

नेहमीच्या डायनॅमिक हेडफोनमध्ये चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलते आणि त्याला चिकटलेला पडदा हवा ढकलतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये या पद्धतीच्या लाउडस्पीकरची जी मांडणी केली, तिचेच हे छोटे रूप. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये वेटोळे नाही, चुंबकही नाही. एकदोन मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा ताणलेला पडदा, त्यावर विद्युतभार धरून ठेवणारा लेप, आणि दोन्ही बाजूंना साधारण अर्ध्या मिलिमीटरवर सच्छिद्र धातूच्या जाळ्या. या जाळ्यांना स्टेटर म्हणतात. पडद्यावर कायमचे उच्च व्होल्टेज ठेवायचे, त्याला बायस म्हणतात. संगीताचा संकेत दोन्ही जाळ्यांना एकमेकांच्या उलट द्यायचा. एक जाळी ओढते तेव्हा दुसरी ढकलते.

या रचनेचे खरे सौंदर्य तिच्या गणितात आहे. एकाच जाळीने पडदा ओढला तर बल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि आवाज विकृत होतो. दोन जाळ्या असतील आणि पडद्यावरचा भार स्थिर राहिला, तर बल संकेताच्या सरळ प्रमाणात येते. फ्रेडरिक हंट यांच्या १९५४ सालच्या ‘इलेक्ट्रोअकूस्टिक्स’ या ग्रंथात या तत्त्वाची शिस्तशीर मांडणी आहे. १९५७ मध्ये इंग्लंडच्या क्वाड कंपनीने पीटर वॉकर यांचा इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर बाजारात आणला. १९५९ मध्ये जपानच्या स्टॅक्सने याच तत्त्वावरचा हेडफोन लोकांपुढे ठेवला, आणि आपल्या हेडफोनना ती कंपनी आजही ‘इअरस्पीकर’ म्हणते. सगळ्या पडद्यावर एकाच वेळी समान बल पडते, आणि पडदा इतका हलका असतो की संकेत थांबताच तोही थांबतो. इलेक्ट्रोस्टॅटिकची सारी कीर्ती या एका गुणावर उभी आहे. गुण खरा आहे, त्याबद्दल वाद नाही.

२. व्होल्टेज भरपूर, प्रवाह नावापुरता

स्टॅक्सच्या एसआर-००९ या हेडफोनचे कंपनीने दिलेले आकडे पाहा. बायस ५८० व्होल्ट. धारिता, म्हणजे कपॅसिटन्स, केबल धरून ११० पिकोफॅरड. संवेदनशीलता १०० व्होल्टला १०१ डेसिबल. फोनच्या हेडफोन-जॅकमधून साधारण एक व्होल्ट बाहेर पडतो. इथे संगीताच्या संकेतासाठीच त्याच्या शंभरपट व्होल्टेज लागते, आणि बायस वेगळा.

आता प्रवाह. ११० पिकोफॅरडचा अवरोध, म्हणजे इम्पीडन्स, २० किलोहर्ट्झला सुमारे ७२ हजार ओहम भरतो. १०० व्होल्ट दिले तर प्रवाह जेमतेम १.४ मिलिअँपिअर. एक किलोहर्ट्झला तोच अवरोध साडेचौदा लाख ओहमच्या घरात जातो आणि प्रवाह ०.०७ मिलिअँपिअरवर येतो. डायनॅमिक इअरफोनचा अवरोध बहुधा १६ किंवा ३२ ओहम असतो, अनेक ध्वनिघटक असलेल्या काही इअरफोनमध्ये तो ठरावीक कंपनांना पाच-सहा ओहमपर्यंतही उतरतो. या दोन जगांचे विद्युतशास्त्र सारखे नाही. एका जगातले केबलचे शहाणपण दुसऱ्या जगात जसेच्या तसे नेले की घोटाळा सुरू होतो.

३. केबल: धातूचा प्रश्न नाही, अंतराचा आहे

दोन-अडीच मीटर केबलमधल्या एका तारेचा रोध अर्धा ओहम धरू. पाच-सहा ओहमपर्यंत उतरणाऱ्या इअरफोनला हा अर्धा ओहम थोडाफार जाणवेल, कारण अवरोध बदलेल तसा आवाजाचा समतोल किंचित ढळेल. इलेक्ट्रोस्टॅटिकला ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या सर्वांत वरच्या टोकालाही तो ७२ हजारांपुढचा अर्धा, म्हणजे सुमारे दीड लाखातला एक भाग आहे. चांदी तांब्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी चांगली वाहक आहे. म्हणजे चांदीसाठी मोजलेल्या पैशांनी या अर्ध्या ओहममधले तीन शतांश ओहम वाचतात. उच्च कंपने तारेच्या पृष्ठभागावरून वाहतात, हा दुकानदारांचा आवडता युक्तिवादही इथे टिकत नाही. २० किलोहर्ट्झला तांब्यात प्रवाह सुमारे ०.४६ मिलिमीटर खोलीपर्यंत शिरतो आणि हेडफोनच्या तारा त्याहून बारीक असतात.

मग केबलला महत्त्व नाही का? आहे, आणि डायनॅमिकपेक्षा जास्त आहे, फक्त ते भलत्याच ठिकाणी शोधले जाते. शेजारून धावणाऱ्या दोन तारा हा स्वतःच एक कपॅसिटर असतो. तारा जितक्या जवळ आणि केबल जितकी लांब, तितकी धारिता जास्त. समजा, सुबक गोल वेणी घातलेली केबल लावल्याने ४० पिकोफॅरड वाढले. ११० चे १५० झाले, २० किलोहर्ट्झचा अवरोध ५३ हजार ओहमवर आला, आणि तेवढ्याच आवाजासाठी ड्रायव्हरला एक तृतीयांशाहून अधिक जादा प्रवाह पुरवावा लागला. या जादा प्रवाहाने पडदा तसूभरही हलत नाही, तो केवळ केबल भरण्यात आणि रिकामी करण्यात जातो. स्टॅक्सची केबल रुंद, चपटी, फितीसारखी असते. देखणी नसते, गुंडाळायला त्रास देते, सदऱ्याच्या बटणात अडकते. पण ती तशी आहे याचे कारण तारांमधले अंतर राखणे हे आहे. ती काढून रेशमी गोल केबल घालणारा माणूस सोय विकत घेतो आणि कामगिरी गमावतो. वर ‘अपग्रेड’ केल्याचे समाधान त्याला फुकट मिळते.

याहून बोलका दाखला सेनहायझर कंपनीचा. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या एचई १ या इलेक्ट्रोस्टॅटिक संचाची किंमत सुमारे ५० हजार युरो होती. काटकसर हा शब्द त्या प्रकल्पाच्या आसपासही नव्हता. संगमरवरी पाया होता, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या. जगातली कुठलीही केबल त्यांना परवडली असती. त्यांनी अँप्लिफायरचा शेवटचा, उच्च व्होल्टेजचा टप्पाच हेडफोनच्या वाट्यांमध्ये बसवला, म्हणजे केबलची धारिता भरण्याचे ओझेच उरले नाही. पैशाची अडचण नसताना अभियंत्यांनी केबल सुधारण्याऐवजी तिला मधून बाजूला काढले. यापुढे चांदीच्या केबलच्या जाहिरातीला मी वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

केबलच्या बाबतीत पाहायच्या गोष्टी म्हणजे लांबी, तारांमधले अंतर, कनेक्टरची जुळणी आणि आवरणाची व्होल्टेज सोसण्याची ताकद. शेवटची बाब गंभीर आहे. बायसचा पुरवठा काही मेगाओहमच्या रोधातून येत असल्याने त्याचा प्रवाह अत्यल्प राहतो, पण स्टेटरच्या तारांवर शेकडो व्होल्टचा संकेत असतो आणि त्यामागे काही मिलिअँपिअर पुरवू शकणारा अँप्लिफायर उभा असतो. साध्या हेडफोनची केबल घरी सोल्डर करणाऱ्या हौशी हातांनी या केबलच्या वाटेला जाऊ नये.

४. बॅटरीचा हिशेब

‘पोर्टेबल’ या विशेषणाची खरी कसोटी इथे लागते. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलमधून ५८० व्होल्टचा बायस काढणे तुलनेने सोपे आहे, कारण त्यातून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. अवघड आहे ते संगीताचे उच्च व्होल्टेज सहज, विकृतीशिवाय वरखाली करणे. उदाहरणादाखल एक हिशेब करू. ६०० व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रत्येक आउटपुटला ४ मिलिअँपिअरचा स्थिर प्रवाह ठेवला, तर एका आउटपुटमागे २.४ वॉट होतात. दोन कानांचे चार आउटपुट, म्हणजे साडेनऊ वॉटच्या पुढे. ५००० मिलिअँपिअर-तासाच्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॉट-तास ऊर्जा असते. ती सगळी ओतली तरी दोन तासांत संपेल, आणि व्होल्टेज चढवताना होणारी गळती मी धरलेलीच नाही. टेबलावरचे ड्रायव्हर दहाच्या कैक पटींत वॉट खातात आणि हात लावला की तापलेले लागतात, ते यामुळे.

म्हणून खिशातला ड्रायव्हर व्होल्टेज कमी ठेवतो, स्थिर प्रवाह कमी ठेवतो, किंवा दोन्ही. यात फसवणूक नाही, तडजोड आहे. संगीतात तारसप्तकाच्या वरच्या भागातली ऊर्जा मुळात कमी असते, त्यामुळे मध्यम आवाजात ही तडजोड बहुतेक वेळा लपून राहते. मोठ्या आवाजात, पखवाजाच्या थापेवर किंवा वाद्यवृंदाच्या उसळीवर ती उघडी पडते. मात्र याचा अर्थ असा, की टेबलावरच्या ड्रायव्हरसोबत ऐकून भारावलेला ग्राहक तोच हेडफोन छोट्या ड्रायव्हरला जोडतो तेव्हा त्याच्या हाती निराळे यंत्र येते. पैसे त्याने पहिल्या यंत्राच्या अनुभवाचे मोजलेले असतात.

५. गोंगाटात काय शिल्लक राहते

आता जागेचा प्रश्न, जो मी सर्वांत वर ठेवला. इलेक्ट्रोस्टॅटिकचा गुण कुठे ऐकू येतो? मोठ्या आवाजात नव्हे. आवाज विरत जातो तिथे. मिरजेचा चांगला जुळलेला तानपुरा घ्या. घोडीच्या किंचित वक्र पृष्ठावर तार टेकत-सुटत राहते, जवारीचा धागा हे टेकणे नेमके जुळवतो, आणि एका छेडीतून वरच्या स्वरांशांची रांग उमलून हळूहळू विझते. तारेच्या कंपनांच्या रूढ नियमाने जे स्वरांश उमटायला नकोत तेही इथे उमटतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात नोंदवले. त्या विझण्याचा माग काढण्यात हलका पडदा तरबेज असतो. गायकाचा श्वास, तबल्याच्या शाईवरून घसरणारे बोट, खोलीचा स्वतःचा हलका निनाद हे सगळे याच पातळीवरचे, मुख्य सुरापेक्षा कितीतरी डेसिबल खालचे.

आता हा संच लोकलच्या डब्यात न्या. डब्यातला आवाज सहज ८० डेसिबलच्या आसपास जातो. बहुतेक इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन पूर्ण उघडे असतात, आतला आवाज बाहेर आणि बाहेरचा आत. विझणाऱ्या स्वरांशांसाठी गोंगाटाच्या वर निदान २० डेसिबल जागा हवी म्हटले तर संगीत १०० डेसिबलवर न्यावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. १०० डेसिबलला ऊर्जा शंभरपट होते, म्हणजे त्याच हिशेबाने आठवड्याला २४ मिनिटे. तेवढ्यात विलंबित ख्यालाची बढतही पुरी होत नाही. शेजारच्या प्रवाशाला तुमचा ख्याल ऐकू जातो तो वेगळाच.

घरातही चित्र फार निर्मळ नाही. छताचा पंखा, खालची रहदारी, शेजारचा मिक्सर. उघड्या हेडफोनपुरते बोलायचे तर आपल्याकडचा सर्वांत मोठा शत्रू पंखा आहे, आणि मे महिन्यात तो बंद करून संगीत ऐकण्याइतके रसिक कमी.

६. नावावर भुलणे

बाजारात ‘इलेक्ट्रोस्टॅटिक’ हे लेबल सैलपणे चिकटवले जाते. आठ-दहा ध्वनिघटक कोंबलेल्या अनेक महागड्या इअरफोनवर ते दिसते. त्यांच्यात बहुधा सोनिऑनसारख्या कंपनीचे छोटे ट्वीटर असतात. त्यातला भार आधीच कायमचा बसवलेला असतो, म्हणजे ते इलेक्ट्रेट जातीचे आहेत. वाटीतच एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो आणि हे ट्वीटर पट्ट्याचे फक्त वरचे टोक वाजवतात. गाणाऱ्याचा गळा आणि तबला दुसऱ्याच ध्वनिघटकांमधून येतात. इलेक्ट्रेट हे हलके तंत्र नव्हे. जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी बेल लॅब्जमध्ये १९६२ साली घडवलेला इलेक्ट्रेट मायक्रोफोन पुढे जगभर पोचला. पण वरच्या टोकाला दोन ट्वीटर लावल्याने सगळा इअरफोन इलेक्ट्रोस्टॅटिक होत नाही. ‘वेगळा अँप्लिफायर लागत नाही’ असे लिहिलेले दिसले की वाचकाने थांबून विचारावे, मग हा नक्की किती इलेक्ट्रोस्टॅटिक?

दुसरा सापळा ब्रँडचा. २०११ पासून स्टॅक्स ही चीनच्या एडिफायरच्या मालकीची आहे. एडिफायरचा स्टॅक्स स्पिरिट एस ३ हा ब्लूटूथ हेडफोन प्लेनर, म्हणजे चुंबकांवर चालणारा, आहे. वाईट म्हणून नव्हे, पण नावातल्या ‘स्टॅक्स’वरून त्यात ५८० व्होल्ट असतील असे समजू नये.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप कानाचा: ‘आकडे काहीही म्हणोत, केबल बदलल्यावर मला फरक ऐकू येतो.’ येत असेल. धारिता बदलली असेल तर तो खराही असू शकेल. पण दोन केबल बदलताना आवाज नेमका त्याच पातळीवर ठेवला नाही, तर किंचित मोठा आवाज कानाला ‘अधिक स्पष्ट’ वाटतो. फरक धातूचा आहे हे म्हणायला पातळी जुळवून, कोणती केबल चालू आहे हे न कळता ऐकावे लागेल. त्या कसोटीला उतरलेला कान मी मानीन.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: शुअर कंपनीने २०१५ मध्ये केएसई १५०० आणला, कानात बसणारा बंद इलेक्ट्रोस्टॅटिक इअरफोन, सोबत खिशात मावणारा बॅटरीवरचा अँप्लिफायर. गोंगाट अडतो, संच सोबत फिरतो. मग माझा सिद्धांत कोसळत नाही का? उलट, तो याच संचाने सिद्ध होतो. त्यात निवड करण्याजोगे काही ठेवलेलेच नव्हते. बायस त्यांचा स्वतःचा, स्टॅक्सच्या ५८० ऐवजी २०० व्होल्ट. कनेक्टर त्यांचा, केबल न निघणारी, अँप्लिफायर त्या एकाच इअरफोनसाठी. किंमत ३००० डॉलरच्या एक डॉलर खाली. स्टॅक्सनेही १९९०च्या दशकात एसआर-००१ या कानात बसणाऱ्या इअरस्पीकरसाठी पेन्सिल सेलवर चालणारा स्वतंत्र ड्रायव्हर दिला होता. खिशात इलेक्ट्रोस्टॅटिक नेण्याचे हे प्रयत्न कुणी सुटे भाग गोळा करून केलेले नाहीत. सगळी साखळी एकाच हाताने बांधलेली आहे.

तिसरा आक्षेप: हा मूठभरांचा शौक, त्यावर एवढी शाई का? कारण केबल आणि उतरंडीचे हे तर्कट दोन हजारांच्या इअरफोनलाही लावले जाते आणि तिथे ते विद्यार्थ्यांच्या खिशातून पैसे काढते.

आपली हवा

कोकणपट्टीत आणि मुंबईत राहणाऱ्यांना एक बाब वेगळी सांगायला हवी. पडद्यावरचा भार टिकतो तो कोरड्या, स्वच्छ हवेत. जुलैत मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. ओलसर हवेत आणि धुळीच्या कणांवरून भार झिरपतो, एका कानाचा आवाज दुसऱ्यापेक्षा बसतो, कधी हलकी चरचर किंवा शिट्टीसारखा सूर येतो. वाळवल्यावर आवाज बहुतेकदा सुधारतो, नेहमीच नाही. छायाचित्रकार लेन्ससाठी वापरतात तसला कोरडा डबा आणि सिलिका जेल इथे चैन नाही, संचाचाच भाग आहे. घामेजल्या अंगाने चालताना ऐकायचे यंत्र हे नव्हे. कोरड्या हवेमुळे सोलापूर-नगरकडच्या श्रोत्याला मात्र वर्षातले बरेच महिने ही काळजी कमी.

मग घ्यायचे काय

रोजचा प्रवास हीच तुमची ऐकण्याची जागा असेल, तर इलेक्ट्रोस्टॅटिक घेऊ नका. चांगला बसणारा, बाहेरचा आवाज अडवणारा साधा इअरफोन तिथे अधिक संगीत ऐकवतो, कारण तो गोंगाट खाली आणतो आणि तुम्ही आवाज कमी ठेवू शकता.

बदलीची नोकरी, वसतिगृह, कामानिमित्त हॉटेलातले मुक्काम, म्हणजे एका शांत खोलीतून दुसऱ्या शांत खोलीत जाणारे आयुष्य असेल, तर या तंत्राला अर्थ आहे. तिथे संच चालता चालता वाजायची गरज नसते, पेटीत नीट मावला म्हणजे झाले. मग बॅटरीचा हट्ट सोडावा. भिंतीतल्या विजेवर चालणारा लहान ड्रायव्हर खिशातल्या ड्रायव्हरपेक्षा बहुधा सरस ठरेल, आणि हॉटेलात प्लग असतोच.

जुना संच घेत असाल तर पिना मोजा. स्टॅक्सचा जुना, २३० व्होल्ट बायसचा प्रकार सहा पिनांचा आहे आणि ५८० व्होल्टचा प्रो प्रकार पाच पिनांचा. सहा पिनांचा प्लग पाचाच्या सॉकेटमध्ये जात नाही. उलट पाचाचा सहामध्ये जातो, पण बायस अपुरा मिळाल्याने दबका वाजतो, आणि ‘हेडफोनच मंद आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दोन्ही कानांची पातळी सारखी आहे का, ते अर्धा तास सलग ऐकून पाहा, कारण भार झिरपण्याचा दोष पहिल्या पाच मिनिटांत लपतो. केबल मूळची असेल तर तिला हात लावू नका. तुटली असेल तर तितक्याच लांबीची, चपटी, त्याच उत्पादकाची घ्या.

आणि दुकानात ऐकताना विक्रेत्याला एवढेच सांगा: टेबलावरचा मोठा ड्रायव्हर बाजूला ठेवा, मी जो सोबत नेणार आहे त्यावरच वाजवा, आणि पंखा चालू करा.